रखवालदाराची मुलाखत

मंडळी,

येत्या महिन्यात आपल्यातले काहीजण रखवालदाराच्या नोकरीसाठी शहरात जायचे म्हणतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मुलाखत म्हणजे विचारपूस. तिला भिऊ नका. वेळेआधी पोचा. कपडे धुतलेले असू द्या. तोंडात तंबाखू नको.

२००५ सालच्या कायद्याप्रमाणे खाजगी रखवालदाराचे वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत लागते. त्याच्या चालचलणुकीची चौकशीही होते. म्हणून नाव, वय, पत्ता कागदावर आहे तोच सांगा.

साहेब विचारतील, "रात्री आग लागली तर काय कराल?" म्हणा, "ओरडून माणसे जागी करीन. त्यांना बाहेर काढीन. लगेच १०१ वर अग्निशामक दलाला कळवीन."

रखवालदाराला काठीइतकीच वहीही लागते. कोण आले, केव्हा आले, गाडीचा नंबर काय, हे तिच्यात लिहायचे. इथेच आपल्या वर्गातला एक गडी अडला. सही त्याने झोकात केली. पण गाडीच्या पाटीवर इंग्रजी अक्षरे! तो मान खाली घालून परत आला. चार दिवस वर्गाकडे फिरकला नाही. मग मीच त्याच्या घरी गेलो. म्हटले, "बाबा रे, चूक माझी. मी ती शिकवलीच नाहीत. २६ च तर आहेत. चल."

महिन्याभरात तो शिकला. पुन्हा गेला. म्हणाला, "साहेब, सावकाश लिहितो, पण बरोबर लिहितो." आज तो फाटकावर आहे. रात्रीची वही स्वतः लिहितो.

तेव्हा मंडळी, जाण्याआधी ती २६ अक्षरे गिरवा. उद्यापासून फळ्यावर मी लिहीन.