बारबेलच्या शेजारचं वजन



जुन्या रशियात धान्य पुडावर मोजलं जाई. आपल्याकडे चाळीस शेरांचा मण, तसा तिकडे चाळीस रशियन पौंडांचा पूड. आजच्या हिशेबात 16.38 किलो. तराजूत टाकायचं हे बिडाचं वजन उचलायला सोपं जावं म्हणून त्याला वर जाड मूठ असे. बाजारातलं हे वजन हळूहळू जत्रेत आलं, सर्कशीत आलं आणि ताकदीच्या चढाओढीचं साधन झालं. रशियन लोक त्याला गिर्या म्हणतात, बाकी जग केटलबेल. 16, 24 आणि 32 किलो हे आजचे नेहमीचे आकडे त्या पुडावरूनच आले आहेत: एक पूड, दीड पूड, दोन पूड.

सेंट पीटर्सबर्गमध्ये व्लादिस्लाव्ह क्रायेव्स्की नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी 1885 मध्ये हौशी वजन उचलणाऱ्यांचं मंडळ काढलं. लोखंड उचलणं हा तमाशगिरांचा धंदा समजला जाई, त्या काळात हा वैद्य ते आरोग्यासाठी शिकवत होता. आजच्या एस्टोनियातला तरुण मल्ल जॉर्ज हॅकेनश्मिट 1898 च्या सुमारास त्यांच्याच घरी राहून तयार झाला. पुढे 1905 मध्ये न्यूयॉर्कला टॉम जेंकिन्सला हरवून तो जागतिक विजेता ठरला. बारबेल आणि गिर्या ही दोन्ही साधनं त्या मंडळात शेजारीशेजारी पडलेली असत. ही गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण आज या दोघांची उगाच लढत लावली जाते.

केटलबेल उचलणं हा रशियात स्वतंत्र खेळही आहे. त्याची पहिली सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धा 1985 मध्ये लिपेत्स्क इथे झाली. नियम कठोर आहेत: 10 मिनिटं, आणि वजन जमिनीला टेकलं की डाव संपला. इव्हान देनिसोव्हनं 32 किलोच्या दोन केटलबेल छातीवरून डोक्यावर 10 मिनिटांत 175 वेळा नेल्या आहेत. गुणाकार केला तर 11,200 किलो होतात.

पण आजचा विषय त्या खेळाडूंचा नाही. पॉवरलिफ्टर, वेटलिफ्टर, कुस्तीगीर, गोळाफेक करणारे अशा ज्यांचं सगळं बळावर चालतं, त्यांनी हे वजन का हाताळावं, हा प्रश्न आहे.

उत्तर त्याच्या घडणीत आहे. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं. केटलबेलचा भार मुठीच्या बाहेर, एका बाजूला लोंबतो. तो फिरवला की दर क्षणी हाताला निराळ्या दिशेनं ओढतो. त्यामुळे बोटं, मनगट आणि खांदा यांना विसावा मिळत नाही, आणि फिरवणं थांबवायलाही तेवढीच ताकद लागते.

यातला मुख्य व्यायाम म्हणजे स्विंग. पाय खांद्याएवढे फाकवून, पाठ सरळ ठेवून, कंबरेतून नव्हे तर खुब्यातून वाकायचं. केटलबेल दोन मांड्यांच्या मधून मागे जाऊ द्यायची आणि नितंबांच्या एका झटक्यानं ताठ उभं राहायचं. वजन छातीपर्यंत आपोआप येतं. हात इथे नुसते दोर असतात. व्यायामशाळांमधून जी चूक सर्रास दिसते ती हीच, की माणूस बैठक मारल्यासारखा गुडघ्यात बसतो आणि खांद्यानं वजन उचलतो. मग मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंना काम उरत नाही, आणि त्यांच्यासाठीच तर हा सारा खटाटोप.

जड डेडलिफ्टमध्ये हेच स्नायू राबतात, पण सावकाश. जास्तीत जास्त वजन उचलताना बार मुंगीच्या पावलानं वर येतो. स्विंगमध्ये तेच स्नायू वेगानं आवळतात, लगेच सैल होतात आणि पुन्हा आवळतात. शिवाय खाली येणारं वजन अडवावं लागतं. खेळाडूनं ते जोरानं मागे खेचलं तर 24 किलोची केटलबेल 24 किलोची राहत नाही. शक्ती आहे पण झटका नाही, अशा मल्लाला इथेच फायदा होतो.

इंग्लंडमधले संशोधक लेक आणि लॉडर यांचा 2012 चा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. त्यांनी तरुणांकडून 6 आठवडे, आठवड्यातून दोनदा, 12 मिनिटं स्विंग करून घेतले. 30 सेकंद काम, 30 सेकंद आराम. वजन फक्त 12 किंवा 16 किलो. दुसऱ्या गटाला बार खांद्यावर घेऊन उड्या मारायला लावल्या. शेवटी अर्ध्या स्क्वॉटची कमाल ताकद सरासरी 9.8 टक्क्यांनी वाढली आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही.

मात्र त्याच वर्षीचा दुसरा प्रयोगही सांगायलाच हवा. ओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेटलिफ्टिंगचे व्यायाम आणि 16 किलोची केटलबेल यांची 6 आठवडे तुलना केली. ताकद दोघांचीही वाढली, पण स्क्वॉटमध्ये बारबेलवाले स्पष्टपणे पुढे गेले. यात नवल काही नाही. कमाल ताकदीला कमाल वजनच लागतं, आणि ते बारवर हवं तेवढं चढवता येतं. म्हणून केटलबेल बारबेलच्या जागी आणू नये, शेजारी ठेवावी. अमेरिकेचा डॉनी थॉम्पसन हे याचं ठळक उदाहरण. आधार देणारा खास पोशाख घालून स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांची बेरीज 3000 पौंडांवर, म्हणजे 1360 किलोंवर नेणारा तो पहिला माणूस, 2011 मध्ये. त्याच्या सरावात केटलबेलला पक्की जागा होती, पण बार त्यानं सोडला नव्हता.

कंबर दुखणाऱ्यांसाठी एक सावधगिरी आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी स्विंगमधला कण्यावरचा भार मोजला. नेहमीच्या वजन उचलण्यात कंबरेचा वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकू पाहतो. स्विंगमध्ये हा ताण उलट दिशेनं, मागे येतो. म्हणजे डेडलिफ्ट बिनतक्रार करणाऱ्याची पाठ स्विंगनं दुखू शकते. तसं झालं तर तो मोठेपणा दाखवण्याचा प्रसंग नाही, व्यायाम तिथेच थांबवावा.

आपल्या तालमींत मुद्गल फिरवणाऱ्यांना हे शास्त्र परकं वाटणार नाही. तिथेही भार मुठीपासून लांब असतो आणि खांदा, मनगट, पकड यांची कसोटी लागते. फरक एवढाच की मुद्गल प्रामुख्यानं खांद्याभोवती फिरतो, तर स्विंगचा उगम खुब्यात आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला उचलताना या दोन्ही गोष्टी लागतात.

सुरुवात कशी करावी? तगड्या पुरुष खेळाडूनं 24 किलो, सराव असलेल्या स्त्री खेळाडूनं 12 किंवा 16 किलो घ्यावं. दहा-दहा स्विंगचे काही सेट, मध्ये पुरता आराम, आठवड्यातून दोनदा. हे जड स्क्वॉट-डेडलिफ्टच्या आधी करू नये, कारण पकड थकलेली असली की बार हातातून निसटतो. ते नंतर करावं, किंवा निराळ्या दिवशी. स्पर्धा नसलेल्या महिन्यांत प्रमाण वाढवावं आणि स्पर्धा जवळ आली की उतरवावं. तळहाताचे घट्टे वेळच्या वेळी घासून सपाट ठेवावेत. स्नॅच करताना, म्हणजे केटलबेल एका झटक्यात डोक्यावर नेताना, मूठ तळव्यात फिरते आणि उंच झालेला घट्टा फाटतो. मग जखम भरेपर्यंत बारला हात लावता येत नाही, आणि स्पर्धेच्या तोंडावर एवढे दिवस कोणालाच परवडत नाहीत.