चालीची परीक्षा

स्वररचनेच्या स्पर्धेत बहुधा गळा जिंकतो, चाल नव्हे. हा अन्याय टाळावयाचा तर सर्वांना एकच कविता द्यावी, स्पर्धकांची नावे झाकावीत आणि साऱ्या चाली एकाच गायकाने केवळ पेटीच्या साथीने गाव्यात. वाद्यमेळ नकोच, तो दुबळी चाल झाकतो.

नवोदितांनो, पेटी उघडण्यापूर्वी कविता अनेकवार मोठ्याने वाचा. शब्द कोठे तुटतो, श्वास कोठे हवा, हे तेथेच उमगते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी सुधीर फडके यांनी गदिमांच्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीतांना आठवड्याला एक याप्रमाणे चाली दिल्या, त्या घाईतही शब्दाला कोठे धक्का लागला नाही.

परीक्षकांनी मात्र प्रत्येक चालीवर दोन ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा, आणि तो पंधरवड्याच्या आत स्पर्धकाच्या हाती पडावा.