एका दिवसाचे साहस

श्रोतेहो, आमचे सदलगा हे दूधगंगेच्या काठी वसलेले गाव. चिकोडी तालुक्यातील हा सारा मुलूख काळ्या मातीचा, उसाचा आणि तंबाखूचा. घरात मराठी आणि शेजारी कानडी, किंवा घरात कानडी आणि बाजारात मराठी, अशा सहजीवनात वाढलेला. येथे डोंगर नाही आणि समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. कदाचित म्हणूनच आमच्या भागातील तरुण मंडळींना या दोन गोष्टींची विलक्षण ओढ आहे. शनिवारी रात्री चार मित्रांचे काहीतरी ठरते, घरातील माउली पहाटे उठून भाकऱ्या थापते, कोरडी शेंगाचटणी पुडीत बांधून देते आणि उजाडण्यापूर्वीच मंडळी निपाणीच्या रस्त्याला लागलेली असतात. कोणी लेण्यांकडे जातो, कोणी एखाद्या निर्मनुष्य किनाऱ्याकडे. संध्याकाळी परत यायचे, ही एकच अट.

ही अट वरकरणी साधी दिसते. परंतु एका दिवसाच्या साहसाचे सारे शास्त्र तिच्यातच साठवलेले आहे, असे मला वाटते. महिनाभराच्या मोहिमेवर निघालेला मनुष्य थांबू शकतो, वाट पाहू शकतो, मुक्काम वाढवू शकतो. एका दिवसाच्या प्रवाशाजवळ ती सवलत नसते. त्याला जाण्याइतकाच परतण्याचाही हिशेब करावा लागतो. आणि ज्याला हा हिशेब येत नाही, त्याच्या धाडसाला साहस म्हणावे की अविचार, हा प्रश्न आहे.

प्रथम वाटेविषयी सांगतो. निपाणीहून देवगडला जाणारा रस्ता राधानगरी आणि दाजीपूरच्या अरण्याजवळून जातो आणि फोंडा घाटाने कोकणात उतरतो. या वाटेने जाताना एक गंमत ध्यानात येते. आमची दूधगंगा याच सह्याद्रीत उगम पावते. समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर, निदान डोळ्यांच्या टप्प्यात. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, पूर्वेला वळते, आमच्या शेतांना पाणी देते, कृष्णेला मिळते आणि अखेर आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाऊन भेटते. आपण मात्र नदीच्या उलट दिशेने निघालेलो असतो. नदीने आपल्याला जे शिकवले, त्याच्याही उलट काही शिकावे लागणार आहे, याची ती जणू पहिली सूचना असते.

आधी गुहांकडे वळू. आमच्या भागातील लोकांना सर्वांत परिचित अशी जागा म्हणजे हातकणंगले तालुक्यातील आळत्याजवळचे रामलिंग. टेकडीच्या पोटातील गुहेत महादेवाचे लिंग आहे आणि खडकातून पाणी ठिबकत असते. येथे साहस असे काही नाही. परंतु भर उन्हातून आत शिरताच अंगावर येणारा गारवा आणि अंधाराला सरावत जाणारे डोळे, हा गुहेचा पहिला धडा येथे मिळतो. पुढची पायरी म्हणजे जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळ्याची बौद्ध लेणी. खडक कोरून केलेला विहार आणि भिक्षूंच्या निवासासाठी काढलेल्या लहान लहान खोल्या पाहताना मनात एक विचार येतो. हे भिक्षू वर्षातील बराच काळ पायी हिंडणारे. तथापि पावसाळ्यात प्रवास करावयाचा नाही, एका जागी राहावयाचे, असा त्यांचा वर्षावासाचा नियम होता आणि अशा लेण्यांचा उपयोग त्या मुक्कामासाठी होत असे. म्हणजे ज्या गुहा पाहण्यासाठी आपण साहसाच्या ओढीने जातो, त्या कोठे थांबावे हे जाणणाऱ्या प्रवाशांसाठी कोरल्या गेल्या! अशा भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणाऱ्याला ती भिंत कळलीच नाही, असे म्हणावे लागेल.

तिसऱ्या प्रकारची गुहा मनुष्याने घडवलेली नसते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळ, गोव्याच्या सीमेलगत बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तेथे राहणाऱ्या एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ऑल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली केले. रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे मोठ्या कानांचे वटवाघूळ त्यानंतर कित्येक वर्षे जगात केवळ याच गुहांतून माहीत होते. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. २०११ साली हा परिसर भीमगड अभयारण्यात आला. म्हणून येथे वनखात्याच्या परवानगीवाचून जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दिवसा झोपणाऱ्या, पिलांना अंगाशी धरून लोंबकळणाऱ्या या जिवांवर विजेरीचे झोत टाकणे म्हणजे मध्यरात्री कोणाच्या घरात शिरून ढोल बडवण्यासारखे आहे. काही ठिकाणी न जाणे हीदेखील त्या ठिकाणाची ओळखच असते. वटवाघळांप्रमाणेच गुहेच्या तोंडावरील आग्या मोहोळाचाही मान ठेवावा. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी त्याला खपत नाहीत.

आता समुद्राकडे जाऊ. देवगडजवळचे कुणकेश्वर हे स्थान गुहा आणि किनारा या दोहोंची आवड असणाऱ्याला एकाच वेळी तृप्त करणारे आहे. लाटांच्या अगदी शेजारी उभे असलेले शिवमंदिर, जवळच्या टेकडीत पाषाणमूर्ती असलेली लहानशी गुहा आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील खडकांतून उघडी पडणारी शिवलिंगे. भरती आली की ती पुन्हा पाण्याखाली जातात. दर्शन घ्यावयाचे तर समुद्राची वेळ पाळावी लागते. समुद्र आपली वेळ पाळत नाही.

ही वेळ ओळखण्याचा एक सोपा हिशेब कोकणातील दर्यावर्दी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. पंचांगात तिथी पाहावी आणि तिच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी सुमारे तीनला आणि पहाटेही सुमारे तीनला भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी भर दुपारी. उलट पौर्णिमेला किंवा अमावास्येला मध्यान्हीच्या सुमारास भरती असते, आणि तीही उधाणाची. चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण या दोन तिथींना एका रेषेत येते, म्हणून पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या आसपास ती दोन आकर्षणे काटकोनात असतात, म्हणून भांगाचे पाणी बेताचे असते. हा हिशेब ढोबळ आहे. जागेप्रमाणे त्यात थोडाफार फरक पडतो. परंतु दोन टोकांच्या मध्ये असलेल्या एखाद्या एकाकी पुळणीवर खडकांवरून चालत जाणाऱ्या माणसाने तो केलाच पाहिजे. ज्या वाटेने दुपारी कोरड्या पायांनी गेलो, ती वाट दोन तासांनी कमरेइतक्या पाण्यात असू शकते.

अशाच एका पुळणीकडे आम्ही मित्र निघालो असता जाळे सुकवीत बसलेल्या एका वृद्धाने आम्हांला हटकले. तो एवढेच म्हणाला, “बाबांनो, पाणी भरूक लागला, आता थंय जाव नकात.” आमच्यापैकी एकाने विचारले, “काका, आम्हांला पोहता येते.” त्यावर म्हाताऱ्याने शांतपणे प्रतिप्रश्न केला, “खंय शिकलास?” मित्र म्हणाला, “नदीत.” म्हातारा हसला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. आम्ही त्या दिवशी पुढे गेलो नाही. वाळूवर बसून भाकरी खाल्ली, आणि तासाभराने त्या खडकांवर लाटा फुटताना पाहिल्या.

त्या हसण्याचा अर्थ आम्हां नदीकाठच्या लोकांनी नीट समजून घेतला पाहिजे. दूधगंगेच्या पाण्यात लहानपणी भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, आणि नेमके हेच समुद्रावर घातक ठरते. नदीची ओढ एका दिशेची असते. ती कोठे नेईल हे ठाऊक असते आणि काठ दोन्ही बाजूंना असतो. समुद्राला एकच काठ. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी परत जाण्यासाठी कोठेतरी एक अरुंद वाट शोधते आणि तीतून वेगाने खोल समुद्राकडे धाव घेते. त्या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहीत. नवख्याला तीच जागा सर्वांत शांत आणि सुरक्षित वाटते, आणि तो तेथेच उतरतो. या प्रवाहाच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न पट्टीचा पोहणाराही फार वेळ करू शकत नाही. दमून जाणे हाच तेथील खरा धोका. अशा वेळी न झगडता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर पोहून त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडावे आणि मगच किनाऱ्याकडे वळावे. जो बाहेर आहे त्याने मित्राच्या मागे उडी न टाकता दोर, ओंडका, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे आणि कोळीबांधवांना हाक घालावी.

हे सारे मी सविस्तर सांगतो आहे, त्याला कारण आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस गेलेल्या अभियांत्रिकीच्या मंडळींपैकी आठ जण बुडाले. सकाळी हसत निघालेली माणसे संध्याकाळी घरी आली नाहीत. बेळगावात, सीमाभागात, त्या दिवशी कितीतरी घरांत चूल पेटली नसेल. त्या तरुणांना दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. आपण आपल्या मुलांना नदी शिकवली, रस्ता शिकवला; समुद्र शिकवला नाही. तो शिकवण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

याचा अर्थ घरी बसावे असा मुळीच नाही. मित्रांबरोबर काढलेला असा एक दिवस मनुष्याला जे देतो, ते शाळेत मिळत नाही. कोणाचा पाय दुखत असता न बोलता त्याचे ओझे कोण घेतो, शेवटचे पाणी कोण वाटतो, अंधाऱ्या गुहेत पुढे कोण होतो आणि मागे कोण थांबतो, हे अशा वेळीच कळते. मात्र सोबती निवडताना एक कसोटी लावावी. “चला, पुढे जाऊ” असे म्हणणारा मित्र सर्वांनाच मिळतो. “आता परत फिरू” असे चारचौघांत म्हणू शकणारा एक तरी मित्र बरोबर असावा, आणि तो तसे म्हणाला की त्याला भित्रा न म्हणण्याइतका मोठेपणा उरलेल्यांत असावा. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालावे. कोठे जातो आणि किती वाजेपर्यंत येतो, हे घरी सांगून निघावे. खिशातील मोबाइल फोन घाटात आणि गुहेत मुका होतो, हे विसरू नये. स्थानिक माणसाचा शब्द पंचांगाहून आणि नकाशाहून मोठा मानावा.

श्रोतेहो, लेणी दोन हजार वर्षे थांबली आहेत, ती पुढल्या रविवारपर्यंतही थांबतील. समुद्र तर दिवसातून दोनदा मागे सरतो आणि आपल्याला पुन्हा बोलावतो. आज वाट बंद दिसली तर उद्या ती उघडेल. पण त्यासाठी उद्या आपण असलो पाहिजे. तेव्हा अवश्य निघा, तिथी पाहून निघा, आणि दिवेलागणीला उंबरठ्यावर वाट पाहणाऱ्या माणसांपर्यंत सगळेच्या सगळे परत या.