पुरुषाचे मौन

(भिवंडी येथील व्याख्यानाचा सारांश)



या नगरीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येतो. माग चालविणाऱ्याचा आवाज मात्र ऐकू येत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला हा कामगार बारा-बारा तास उभा राहतो, भिशीत जेवतो, मिळेल त्या कोपऱ्यात झोपतो आणि कमाई गावी धाडतो. कमावता आहे तोवर तो आधार. खचला की कुणाच्या खिजगणतीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत १,१८,९७९ पुरुष होते, म्हणजे शंभरातले बहात्तर. एकूण मृतांपैकी ४२,००४ रोजंदारीवर जगणारे होते. राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता: २२,२०७. वृत्तपत्रांत हे मृत्यू 'कर्जबाजारी', 'व्यसनी', 'बेरोजगार' या नावांनी येतात. पुरुषाचे दुःख म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो.

स्त्रीवरील अन्यायाविरुद्धचा लढा न्याय्यच आहे. पुरुषाच्या वेदनेची दखल घेतल्याने त्या लढ्यास बाध येत नाही. उलट, कर्ता पुरुष गेल्यावर संसाराचा सारा भार पत्नीच्याच शिरावर पडतो.

'मुलगा असून रडतोस?' हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार झाले पाहिजे. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर लागावा. आणि तो लावणाऱ्या कार्यकर्त्याने तेथील कामगाराजवळ घटकाभर बसावे, त्याची विचारपूस करावी, एवढीच विनंती.