हिमलोट
(ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी दिलेले भाषण)



बेळगावच्या पावसात वाढलेल्या माणसांनी बर्फावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण हे संकट आपल्यापासून फार दूरचे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्याच शहरात आहे. येथून तयार झालेले जवान हिमालयात पहारा करतात. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूर गावचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनवर नऊ सोबत्यांसह बर्फाखाली गाडले गेले. त्या दहांत सातारा जिल्ह्याचाही एक जवान होता. हणमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.

वर्गात आम्ही भूगोल शिकवितो, तेव्हा मुले विचारतात, की पडलेला बर्फ मग कोसळतो कशाने? उत्तर स्वयंपाकघरातच आहे. तिरप्या पाटावर मोहरी पसरून तिच्यावर पोळपाट ठेवावा; किंचित धक्का लागताच तो सरकतो. डोंगरावरही तसेच घडते. हिवाळ्याच्या आरंभी पडलेला पातळ थर कडक थंडीत साखरेसारखा दाणेदार होतो व त्याचे कण एकमेकांस धरीत नाहीत. पुढे वादळ येऊन त्यावर ताज्या बर्फाचा जड थर बसतो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूस आणून टाकतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला, की एका माणसाचे वजनही पुरते. याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, आणि सपाटीवर तो घसरत नाही. मात्र वरून आलेला लोट सपाटीवरही पोचतो.

वादळ ओसरून स्वच्छ ऊन पडले म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक आहे. नवा थर बसण्यास एक-दोन दिवस, कधी अधिक काळ लागतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज, बर्फावर धावणारी भेग, शेजारच्या उतारावर नुकताच कोसळलेला लोट, ही डोंगराचीच सूचना समजावी. गाडलेल्या माणसास वेळही थोडा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर फार थोडे. म्हणून जवळचा सोबतीच खरा तारक. दूरचे मदतपथक बहुधा उशिराच पोचते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे बदरीनाथजवळ माणा येथे रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमलोट आला. ५४ जण सापडले. ४६ वाचले, ८ दगावले. धोक्याची सूचना आदल्या सायंकाळीच निघाली होती. सूचना निघणे आणि ती निजलेल्या माणसापर्यंत पोचून त्याला हलविणे, यांत अंतर असते, आणि त्या अंतराची किंमत गरिबांस द्यावी लागते. आपली यात्रा ज्या रस्त्याने सुखाने होते, तो रस्ता राखणारी ही माणसे होत.

आपल्यापैकी अनेकजण उत्तरेकडे जातात. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या वाटेवर ७ प्रवासी हिमलोटात गेले. परवानगीच्या हद्दीपुढे लोक गेले होते, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले. तेव्हा निघण्यापूर्वी हवामानाची सूचना पाहावी, बंद रस्त्यावर गाडी नेण्याचा गाडीवाल्यास आग्रह करू नये, आणि परत फिरण्यास लाजू नये. मुलांची सहल नेताना आम्हां शिक्षकांवर तर हे दुहेरी बंधन आहे.

दुसऱ्याच्या संकटाची आठवण ठेवणे हे या संस्थेचे ब्रीद आहे, म्हणूनच हा विषय येथे काढला.