नदीकाठचा तंबू आणि वरचा डोंगर



कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने तंबूतल्या मुक्कामावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. संप, करार, बोनस यांवर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु सुट्टी हा कामगाराचाच विषय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरणाऱ्या कामगाराच्या पदरात दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा टाकली. सुट्टी मिळाली खरी. पण ती घालवायची कोठे? पैसेवाल्याला बंगला आहे, हॉटेल आहे. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्या घराने जावे कोठे?

या प्रश्नाचे एक उत्तर मी 2024 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पाहिले. माझा पुतण्या तिकडे नोकरीस आहे. तो म्हणाला, "काका, हॉटेल नको, तंबू घेऊ." सान फ्रान्सिस्कोहून उत्तरेकडे साडेतीनशे किलोमीटरांच्या वर मोटार हाकल्यावर ईल नदीच्या दक्षिण शाखेच्या काठी हंबोल्ट रेडवुड्स स्टेट पार्क लागते. स्टेट पार्क म्हणजे त्या राज्याच्या सरकारचे उद्यान. पण उद्यान शब्दाने फसू नका, तिथे फुलांचे वाफे नाहीत. पन्नास हजार एकरांहून मोठा हा मुलूख, आणि त्यातील 17,000 एकर मूळचे, कुऱ्हाड न लागलेले अरण्य. आपला कुतुबमिनार 238 फूट. हे रेडवुड वृक्ष तीनशे फुटांच्या वर जातात, काही तर दोन हजार वर्षांचे आहेत. खाली भरदुपारी संधिप्रकाश, आणि पावलाचा आवाज होत नाही, कारण जमिनीवर शतकानुशतकांचा पालापाचोळा.

आता मुक्कामाची व्यवस्था सांगतो, कारण व्यवस्थेत माणसाची नियत दिसते. जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते. प्रत्येकाला आखून दिलेली जागा, लाकडी मेज, बाके, शेगडीसाठी लोखंडी कडे, आणि शिधा ठेवायला भक्कम पेटी. अस्वले आहेत, तंबूत पोह्याची पिशवी ठेवण्याची सोय नाही. अरण्यात बसूनही खाली पडलेली काटकी उचलायची नाही, सरपण विकत घ्यायचे. कुजणारे लाकूड हे जमिनीचे अन्न, असा त्यामागचा हिशेब. रात्री दहानंतर आवाज बंद. एका जागेचे रात्रीचे भाडे 2024 साली पस्तीस डॉलर होते आणि तिथे आठ माणसांपर्यंत राहता येते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातले किमान वेतन तासाला सोळा डॉलर होते. म्हणजे एका माणसाच्या सुमारे सव्वादोन तासांच्या मजुरीत आख्ख्या कुटुंबाची रात्र! मोटार नसलेल्याला तिथे पोचणे कठीण, ही गोष्ट वेगळी. आणि पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा कायदा अमेरिकेच्या संघसरकारने आजवर केलेला नाही, हेही ध्यानात ठेवा. मुक्कामावर देखरेख करणारे पुष्कळसे लोक स्वयंसेवक असतात. पगार नाही, राहायला जागा फुकट. माझ्यातला युनियनवाला इथे जरा अस्वस्थ झाला, पण पुतण्याने दंडाला धरून मला नदीवर नेले.

आमचा मुक्काम होता बर्लिंग्टन नावाच्या तळावर. तिथली झाडे दुसऱ्या पिढीची. त्यांच्यामध्ये पहिल्या पिढीच्या झाडांचे प्रचंड बुडखे उभे आहेत, एकेकावर चारपाई मावेल एवढे. जुन्या काळी लाकूडतोडे बुंध्यात खाच पाडून तीत फळी ठोकीत आणि त्या फळीवर उभे राहून करवत ओढीत. ते बुडखे पाहून माझ्या मनात आले की, हे झाड पाडणारा माणूसही मजूरच. त्याला दोष देऊन आपली सुटका नाही.

मग उरलेले अरण्य वाचले कसे? 1918 साली 'सेव्ह द रेडवुड्स लीग' ही संस्था निघाली. हंबोल्ट परगण्यातील बायकांच्या मंडळांनी रान उठवले. कॅलिफोर्नियातील बायकांच्या मंडळांच्या महासंघाच्या नावाच्या राईत ज्युलिया मॉर्गन या स्त्री-वास्तुकाराने आखलेली चार तोंडांची दगडी चूल आजही आहे. 1928 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उद्यानांसाठी साठ लाख डॉलरांचे कर्जरोखे प्रचंड बहुमताने मंजूर केले. अट एवढीच की, सरकारच्या प्रत्येक डॉलराला बाहेरून एक डॉलर जमला पाहिजे. धाकट्या रॉकफेलरने वीस लाख दिले, आणि 1931 साली बुल क्रीक ओढ्याकाठचे अरण्य पॅसिफिक लंबर कंपनीकडून विकत घेतले गेले. या कथेला काळी बाजूही आहे. लीगच्या संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट याने 1916 साली वंशश्रेष्ठत्वाचे एक विषारी पुस्तक लिहिले होते. झाडाच्या वंशाची काळजी करणारा माणूस माणसाच्या वंशाबद्दल असे लिहितो! आणि ज्या सिंकियोन लोकांचा हा प्रदेश, त्यांना तर गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच मारले आणि हुसकावले होते.

पण मला आज विशेष सांगायचे आहे ते पुढचेच. बुल क्रीकच्या काठची सपाटी विकत घेतली, वरचे डोंगर मात्र घेतले नाहीत. तिथे मोठी झाडे नव्हती, पाहुणे जात नव्हते. कोण पैसे घालणार? दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीसाठी लाकडाला मागणी आली. वरच्या उभ्या उतारांवर ट्रॅक्टर चढले, रस्ते खोदले, जंगल साफ झाले. डिसेंबर 1955 मध्ये जोराचा पाऊस झाला आणि उघडे पडलेले डोंगर खाली आले. दगडगोट्यांनी ओढ्याचे पात्र भरले, पाणी आडवे पसरले आणि काठ खाऊ लागले. रेडवुडचे मूळ खोल जात नाही. ते आडवे पसरते आणि शेजाऱ्याच्या मुळांत गुंतते. वरून गाळ साचला तर हे झाड नवी मुळे फोडून तग धरते. पण पायाखालची जमीनच वाहून गेली तर त्याचा इलाज चालत नाही. विकत घेऊन सुरक्षित केलेले शेकडो वृक्ष असे कोसळले. कुऱ्हाड कोणी लावली? कोणीच नाही! उद्यानाची हद्द कागदावर जशीच्या तशी होती. पुन्हा डिसेंबर 1964 मध्ये ईल नदीला महापूर आला. वीऑट हे गाव नदीकाठावरून उठले आणि वर वसले. तिथे रस्त्याकडेला पुराची खूण आहे, ती पाहायला मान मागे टाकावी लागते.

मग सरकारला आणि लीगला शहाणपण आले. वरचा सगळा पाणलोट घेण्याचे काम सुरू झाले. योग्यच झाले. परंतु त्या वरच्या खोऱ्यात बुल क्रीक नावाची वस्ती होती. लाकूडतोडे, त्यांच्या बायका, मुले. आधी पुराने घरे मोडली, मग सरकारने जागा घेतली. आज तिथे दफनभूमी उरली आहे. तंबूत राहणाऱ्या पाहुण्याला सावली मिळाली. तिची किंमत या घरांनीही मोजली. मृत झाडांच्या कथा उद्यानात पाट्यांवर वाचायला मिळतात, या माणसांच्या मात्र शोधाव्या लागतात.

हा लाकूडधंदा कामगारांशी दयेने वागत होता, असे मात्र कोणी समजू नये. उद्यानाच्या उत्तरेस युरेका हे बंदर आहे. तिथे 1935 साली लाकूडगिरण्यांत संप झाला. 21 जून रोजी होम्स-युरेका गिरणीच्या फाटकावर चकमक उडाली आणि तीन कामगार गोळीने मेले. ज्या मालकांनी 1935 साली माणूस स्वस्त धरला, त्यांच्याच धंद्याने पुढे उद्यानाच्या प्रत्येक मागणीला "कामगारांची भाकरी जाईल" असे उत्तर दिले. आपल्याकडचे मालक असे बोलतात तेव्हा मी नेहमी विचारतो, भाकरीची एवढी काळजी होती तर पगारवाढीच्या वेळी ती कोठे गेली होती?

तरी भाकरी खरोखर जाते, हे नाकारणारा जंगलप्रेमी मला मान्य नाही. याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेस 1968 साली रेडवुड नॅशनल पार्क झाले. तिथेही वरचा डोंगर बाहेर राहिला, तिथेही तोच गाळ खाली आला. उद्यान वाढवायचे ठरताच लाकूडतोडे बिथरले. 1977 साली त्यांनी ट्रकांचा तांडा काढून देश ओलांडला आणि रेडवुडच्या ओंडक्यातून कोरलेली एक भली मोठी भुईमुगाची शेंग वॉशिंग्टनला नेली. राष्ट्राध्यक्ष कार्टर हे भुईमूग पिकवणारे शेतकरी ना! त्यांनी ती भेट घेतली नाही. पण मार्च 1978 मध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्यात 48,000 एकर वाढवतानाच एक स्वतंत्र भाग कामगारांसाठी होता: ज्यांची नोकरी उद्यानामुळे गेली त्यांना काही वर्षे उत्पन्नाची भरपाई आणि नवे काम शिकण्याची सोय. या योजनेत उणिवा नव्हत्या असे मी म्हणत नाही. कामगारासाठी काढलेली बिनचूक योजना मी अजून पाहायची आहे. पण झाडाचा आणि मजुराचा हिशेब एकाच कायद्यात, एकाच दिवशी मांडला गेला. बुल क्रीकच्या लाकूडतोड्यांच्या वाट्याला असा कायदा आला नव्हता.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ माझ्यासमोर सरकवले आहे. उद्यानाचा नकाशा मी बरोबर आणला आहे. त्यात बुल क्रीकचा ओढा आणि वरचे डोंगर दोन्ही दिसतात. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळ यावे.