पाण्यात पाय सोडून बसलेली घरं



जपानला जाणारी आपली माणसं तोक्यो बघतात, फुजी पर्वत बघतात, क्योतोची मंदिरं बघतात आणि परततात. आज मी तुम्हाला त्याच क्योतो प्रांताच्या पार उत्तर टोकाला घेऊन जाणार आहे. क्योतो शहरापासून आगगाडीने साधारण दोन तास, पुढे बसने तासभर. तिथे तांगो द्वीपकल्पावर, जपानच्या समुद्राकाठी, इने नावाचं मच्छीमारांचं गाव आहे.

वाटेत अमानोहाशिदाते लागतं. खाडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेला साडेतीन किलोमीटरचा वाळूचा पट्टा आणि त्यावर हजारो पाइन वृक्ष. जपानमधल्या तीन सर्वांत सुंदर देखाव्यांत त्याची गणना होते. डोंगरावर चढायचं, समुद्राकडे पाठ करायची, ओणवं व्हायचं आणि आपल्याच दोन पायांमधून खाली बघायचं, अशी तिथली जुनी रीत. जरूर बघा, पण सगळा दिवस तिथेच घालवू नका. खरं बघायचं ते पुढे आहे.

इनेच्या आखाताचा काठ सुमारे पाच किलोमीटर. त्या काठाला खेटून जवळजवळ 230 लाकडी घरं उभी आहेत. त्यांना म्हणतात फुनाया, म्हणजे होडीचं घर. खालच्या मजल्याची समुद्राकडची बाजू सताड उघडी, जमीन उतरती, आणि पाणी थेट घरात आलेलं. होडी वल्हवत आत आणायची आणि ओढून वर घ्यायची. माडीवर पूर्वी जाळी, दोर आणि मासेमारीचं बाकी सामान असे. राहतं घर मागे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन्हींच्या मध्ये अंगण होतं. 1930च्या दशकात तिथूनच रस्ता काढला. त्याआधी गावातल्या गावात जायचं तरी बरेचदा होडीच काढावी लागे.

आता तुम्ही विचाराल, पाण्यात घर बांधायचा हा खटाटोप कशासाठी? लाकडी होडी सदानकदा पाण्यात राहिली की कुजते, तिला कीड लागते. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, त्यामागेही त्यांचा जीव जपणं हेच असतं. इनेत डोंगर थेट समुद्रात उतरतो, होडी ओढायला पुळण नाही. म्हणून होडीलाच छप्पर दिलं.

पण हे जमलं ते समुद्रामुळे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. तिथे असं घर बांधलं, तर दिवसातून दोनदा होडी चिखलात बसेल आणि दोनदा पाणी माडीकडे धावेल. जपानच्या समुद्रात भरती-ओहोटी फार थोडी; इनेला तो फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. शिवाय आखाताचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यातले उत्तरेचे वारे डोंगराआड अडतात. आणि ऐन तोंडावर आओशिमा नावाचं झाडीने भरलेलं बेट आहे, ते लाटा अंगावर घेतं. मला या घरांचं कौतुक वाटतं ते याचसाठी. देखणेपणासाठी त्यांत एक फळीसुद्धा लावलेली नाही, आणि तरी नजर हटत नाही.

2005 साली जपान सरकारने या वस्तीला जतनाचा दर्जा दिला. मच्छीमारांच्या गावाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. मात्र होड्या आता मोठ्या झाल्या, फायबरच्या झाल्या. त्या घरात मावत नाहीत, बाहेरच बांधलेल्या असतात. काही फुनायांत पाहुण्यांना उतरता येतं. बाकीच्या लोकांच्या खाजगी आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हिवाळ्यात गेलात तर बुरी खा. हा मोठा, चरबीदार मासा. त्या भागात तो लहान असताना त्सुबासु, मग हामाची, आणि पूर्ण वाढला की बुरी. वाढत्या वयाबरोबर नाव बदलतं, जणू बढतीच मिळते, म्हणून तो शुभ मानतात.

एखाद्या फुनायात मुक्काम केलात, तर सकाळी लवकर उठून खालच्या पायरीवर बसा. शेजारच्या घरासमोर पाण्यात दोर सोडलेला दिसेल. त्याच्या टोकाला मोंदोरी, म्हणजे जाळीचा पिंजरा, आत आमिष म्हणून माशांची डोकी आणि काटे. घरातलं कुणीतरी येतं, दोर हातावर घेत पिंजरा वर काढतं, पाणी निथळू देतं. आत दोन-चार मासे तडफडत असतात. ते टोपलीत पडतात, पिंजऱ्यात नवं आमिष जातं, आणि तोवर समोरच्या छपरावर घारी येऊन बसलेल्या असतात.